अन्ननलिकेचा व जठराचा कर्करोग : आहाराचे काम घरच्यांचे



कुपोषण हा शब्द कानावर आला की आपल्या पालघर जिल्ह्यात लगेच जव्हार-मोखाड्याची लेकरे डोळ्यांपुढे उभी राहतात. अंगणवाडीताई लेकराला काट्यावर ठेवते, वजन नोंदवहीत लिहिते, आकडा घसरला की आईला बोलावून सांगते. हे आता पाड्यापाड्यावर माहीत झाले आहे. पण कुपोषण थोरामोठ्यांनाही होते आणि त्यांचे वजन कोणी वहीत लिहीत नाही, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. अन्ननलिकेचा किंवा जठराचा कर्करोग झालेला माणूस हा बहुतेक वेळा असाच कुपोषित माणूस असतो. त्याच्या रोगाकडे सर्वांचे लक्ष असते. दिवसभरात त्याच्या पोटात काय गेले, याचा हिशेब मात्र कोणी ठेवत नाही.

आपल्याकडचा असा रुग्ण बोईसरच्या कारखान्यात काम करणारा असेल, सातपाटीचा मासेमार असेल, नाहीतर विक्रमगडकडचा शेतकरी असेल. अशा रुग्णांपैकी कित्येक जण उपचारासाठी मुंबईला, परळच्या टाटा रुग्णालयात जातात. हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. म्हणजे तारापूरचे अणुवीज केंद्र आणि परळचे हे रुग्णालय ही एकाच खात्याच्या घरातली भावंडे म्हणायची. तिथे शस्त्रक्रिया होते. किमो म्हणजे बहुधा शिरेतून द्यायचे औषध मिळते. शेक म्हणजे किरणांचा उपचार मिळतो. पण किमोचा एक डोस घेतला की पुढचा डोस बहुधा दोन किंवा तीन आठवड्यांनी असतो. मधले दिवस माणूस घरी असतो. त्या दिवसांत वजन टिकले तर पुढचा डोस वेळेवर मिळण्याचा, शस्त्रक्रिया झेपण्याचा, टाके नीट भरून येण्याचा संभव वाढतो. वजन ढासळले तर डॉक्टरांना डोस कमी करावा लागतो, पुढे ढकलावा लागतो, कधी उपचार थांबवावाही लागतो. उपचार डॉक्टरांच्या हाती आहे. तो सोसण्याची ताकद राखण्याचे पुष्कळसे काम घरच्या चुलीपाशी होते. आज त्याविषयीच चार गोष्टी सांगायच्या आहेत.

घास कुठे अडतो?

घशापासून जठरापर्यंत जाणारी अन्ननलिका साधारण २५ सेंटीमीटर लांब असते. ती ताणली जाते, त्यामुळे आत गाठ वाढू लागली तरी सुरुवातीला काही कळत नाही. मग एक दिवस भाकरीचा घास अडतो. माणूस तो पाण्याच्या घोटाबरोबर उतरवतो. पुढे भाकरी सोडून भात, मग मऊ भात, मग पेज, आणि अखेरीस पाणीही उतरेनासे होते. एकेक पायरी खाली येताना माणूस आपलीच समजूत घालतो. "पित्त झालंय," म्हणतो, "भूकच मेलीय" म्हणतो. तो परळला पोहोचतो तेव्हा कपडे सैल झालेले असतात आणि वजन किती उतरले हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून गिळताना घास अडकण्याची तक्रार दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकली, तर चूर्णे आणि काढे करीत न बसता दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी.

जठराच्या कर्करोगाची रीत थोडी निराळी. चार घास खाल्ले की पोट भरल्यासारखे वाटते, मळमळते, उलटी होते, अंगातले रक्त कमी होते, कधी शौचाला डांबरासारखे काळे होते. इथेही जेवण हळूहळू तुटते आणि घरच्यांना वाटते, वयामुळे खाणे कमी झाले.

रोग कशाने होतो हा आजचा विषय नाही. तंबाखू आणि दारू या दोन गोष्टी उपचारापूर्वीही वाईट आणि उपचारानंतरही वाईट, एवढे सांगून पुढे जातो.

वजन का उतरते?

याला तीन कारणे आहेत. पहिले सरळ आहे: वाट अडली, अन्न कमी गेले. दुसरे उपचाराचे: किमोने तोंडाची चव जाते, मळमळ येते, शेकाने अन्ननलिका आतून हुळहुळी होते आणि पाण्याचा घोटही झोंबतो. तिसरे कारण मात्र नीट समजून घ्यावे लागते. कर्करोगात शरीराच्या आत सूज आणि दाह सुरू असतो. त्या दाहामुळे भूक मरते आणि शरीर आपलेच मांस, म्हणजे स्नायू, वितळवून खर्च करू लागते. चुलीतले लाकूड संपले म्हणून घराचे वासे जाळावेत, तशातला हा प्रकार. अशा माणसाला नुसते "खा, खा" म्हणून भागत नाही. त्याला पुरेसे अन्न हवे, त्यात मांस घडवणारी प्रथिने हवीत आणि जमेल तेवढे चालणेही हवे. पडून राहिले की स्नायू आणखी झिजतात. ओटीवरून अंगणापर्यंत, अंगणातून वेशीपर्यंत, रोज थोडे चालावे. पेजेबरोबर पायही चालले पाहिजेत.

आणखी एक सांगतो. वजन उतरले म्हणून रांधणाऱ्या बाईला बोल लावू नये, किंवा "तू मनच करीत नाहीस" म्हणून रुग्णालाही टोचू नये. भूक न लागणे हा हट्ट नाही, तो रोगाचाच एक भाग आहे.

वजन आणि आयुष्य

वजनाचा आणि आयुष्याचा संबंध शास्त्रज्ञांनी मोजून पाहिला आहे. अमेरिकेत १९८० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात किमो घेणाऱ्या निरनिराळ्या कर्करोगांच्या ३,०४७ रुग्णांची नोंद होती. उपचार सुरू होण्याआधीच ज्यांचे वजन उतरले होते, ते एकंदरीत कमी दिवस जगले. वजन उतरलेल्यांचे प्रमाण जठर आणि स्वादुपिंड यांच्या कर्करोगात सर्वांत जास्त होते. शंभरातल्या ऐंशीहून अधिक जणांचे वजन घटलेले होते.

पण वजन उतरलेले लोक लवकर जातात, एवढ्यावरून खाऊ घातल्याने ते अधिक जगतील असे सिद्ध होत नाही. त्यासाठी दुसरा अभ्यास पाहावा लागतो. तो चीनमध्ये बीजिंगच्या कर्करुग्णालयात झाला आणि २०२१ साली प्रसिद्ध झाला. अन्ननलिका व जठर यांचा कर्करोग शरीरात पसरलेल्या ३२८ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. दोन्ही गटांना औषधोपचार मिळाला. एका गटाला त्याशिवाय अगदी पहिल्यापासून आहारतज्ज्ञाची देखरेख आणि मनाला आधार देणारा सल्ला मिळाला. नुसता औषधोपचार घेणाऱ्या गटाचे मध्यम आयुष्य ११.९ महिने भरले. आहार आणि आधार मिळालेल्या गटाचे १४.८ महिने भरले. म्हणजे सुमारे तीन महिन्यांचा फरक.

यात दोन गोष्टी प्रामाणिकपणे ध्यानात ठेवल्या पाहिजेत. आहाराने रोग बरा झाला, असे या अभ्यासात कोठेही नाही. आणि आहार व मनाचा आधार ही दोन्ही एकत्र दिलेली असल्यामुळे सगळे श्रेय एकट्या अन्नाला देता येत नाही. तरीही तीन महिने काही थोडे नव्हेत. तेवढ्यात भाताची एक कापणी होते, लेकीचे लग्न उरकते, नातवाचा पहिला दात दिसतो. शिवाय ज्यांचा रोग पसरलेला नाही आणि शस्त्रक्रियेने बरे होण्याची आशा आहे, त्यांना तर उपचार पुरा करण्यासाठी ताकद राखणे अधिकच जरुरीचे.

किती खावे?

कर्करुग्णाला रोज दर किलो वजनामागे साधारण २५ ते ३० कॅलरी उष्मांक आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात, असा तज्ज्ञांचा सर्वसाधारण हिशेब आहे. ५० किलो वजनाच्या माणसाला म्हणजे १,२५० ते १,५०० कॅलरी आणि ६० ते ७५ ग्रॅम प्रथिने. वजन भरून काढायचे असेल तर आणखी थोडे. मूत्रपिंडाचा किंवा मधुमेहाचा विकार असेल तर डॉक्टर हे प्रमाण बदलून देतील.

आता हे आकडे आपल्या स्वयंपाकघरात आणू. शंभर ग्रॅम तांदूळ आणि पन्नास ग्रॅम नाचणी यांतून ११ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. पन्नास ग्रॅम मुगाच्या डाळीतून १२ ग्रॅम. दोन अंड्यांतून १२ ते १३ ग्रॅम. अर्धा लिटर दूध किंवा तेवढ्याचे दही यांतून १६ ग्रॅम. तीस ग्रॅम शेंगदाण्यांतून, म्हणजे मूठभरातून, ७ ग्रॅम. बेरीज करा, साठाच्या जवळ येते. त्यात शंभर ग्रॅम ताजी मासळी घातली की आणखी १५ ते १८ ग्रॅम मिळतात. वर दिवसभरात चार चमचे तेल किंवा तूप घातले की कॅलरीही दीड हजारांच्या घरात जातात. यांत बाजारातला महागडा डबा कुठेच नाही. डॉक्टरांनी प्रथिनांची भुकटी लिहून दिली तर जरूर द्यावी. पण अंडी, दूध, डाळ बंद करून त्या पैशांत डबा आणणे शहाणपणाचे नाही.

किनाऱ्यावरच्या मंडळींना एक सोय आहे. ताजा बोंबील पाणीदार असतो. तोच वाळला की त्याच्या वजनात निम्म्याहून अधिक प्रथिने असतात. नुसत्या उन्हात वाळवलेला बोंबील स्वच्छ धुऊन, पुन्हा कोरडा करून, खरपूस भाजावा. कुटून, चाळून त्याची भुकटी ठेवावी. चमचा-दोन चमचे भुकटी पेजेत किंवा वरणात मिसळली की काटा लागत नाही आणि चवही येते. मिठात मुरवलेली खारी मासळी मात्र रोजच्या खाण्यात नको. शाकाहारी घरात हेच काम भाजलेल्या शेंगदाण्याचे बारीक कूट, दुधाची भुकटी आणि डाळीचे पीठ करतात.

पातळ पण कसदार

इथे एक अडचण येते. रुग्णाला पातळच उतरते, आणि पातळ पेज म्हणजे बहुतेक पाणी. वाटीभर निवळ पेजेने पोट फुगते, अंगाला काही लागत नाही. पीठ वाढवावे तर पेज घट्ट होते आणि घशाखाली जात नाही.

यावर उपाय आपल्या आजीबाईंना ठाऊक होता आणि शास्त्रानेही तो खरा ठरवला आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या आहारशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात लहान मुलांच्या आहारासाठी त्यावर काम केले होते. नाचणी रात्रभर भिजवावी, फडक्यात बांधून मोड आणावेत, उन्हात खडखडीत वाळवावी आणि दळावी. मोड येताना धान्यात असा पाचक रस तयार होतो की तो पिठातला चिकटपणा मोडतो. आता तांदळाची किंवा नाचणीची घट्ट पेज शिजवा, खाली उतरवून जरा निवू द्या, आणि कोमट-गरम असतानाच त्यात मोडाच्या नाचणीचे एक चमचा पीठ घालून ढवळा. पाहता पाहता पेज सैल होते. मग तिला पुन्हा एक चांगली उकळी द्या, म्हणजे मोड आणताना राहिलेले जंतू मरतात. मोडाचे पीठ आधी फार भाजू नये. भाजल्याने तो पाचक रस नाहीसा होतो. या युक्तीने त्याच वाटीत जास्त पीठ मावते आणि पेज घशाखाली उतरते. त्यात दूध, तूप, शेंगदाण्याचे बारीक कूट घाला. नाचणीत चुन्याचे, म्हणजे कॅल्शियमचे, प्रमाण मोठे असते. जठर काढलेल्या माणसाच्या हाडांना त्याची गरजच असते.

दिवसाचे वेळापत्रक असे ठेवावे. सकाळी उठल्यावर दूध किंवा कसदार पेज, आठ-नऊच्या सुमारास मऊ उकडलेली खीर किंवा उपमा आणि अंडे, अकराला ताक किंवा दही, एक वाजता मऊ भात, घट्ट वरण, तूप, मासा, साडेतीनला पिकलेला चिकू किंवा केळे आणि शेंगदाण्याचे मऊ कूट, सहाला पेज, साडेसातला पुन्हा वरण-भात किंवा खिचडी. असे सात वेळा, प्रत्येक वेळी लहान वाटी. भूक लागण्याची वाट पाहू नये, घड्याळ पाहून द्यावे. भरलेले ताट समोर ठेवू नये. ते पाहूनच रुग्णाचे मन विटते. लहान वाटी संपली की त्यालाही बरे वाटते.

बरेच दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेल्या माणसाला एकदम भरपूर खाऊ घालणे धोक्याचे असते. उपाशी बैलाला कोणी पहिल्याच दिवशी पेंडीचा ढीग घालीत नाही. रक्तातले क्षार अचानक खाली जाऊन हृदयावर ताण येऊ शकतो. अशा माणसाचा आहार डॉक्टरांना विचारून, चढत्या मापाने वाढवावा.

शस्त्रक्रियेनंतर

अन्ननलिकेची गाठ काढताना बहुतेक वेळा जठराचीच लांबट नळी करून ती वर छातीत किंवा मानेपर्यंत ओढतात. जठराचा कर्करोग असेल तर जठराचा काही भाग किंवा सारे जठर काढतात. दोन्हीकडे पूर्वीचे कोठार राहत नाही. म्हणून आधी कोठीत साठवून मग हळूहळू खर्च करण्याची सोय गेली. आता थोडे आणून थोडे वापरायचे.

हे न पाळता कोणी पोटभर जेवला, किंवा गोड पेय घटाघटा प्यायला, तर अन्न एकदम लहान आतड्यात उतरते. अर्ध्या तासाच्या आत पोटात कळ येते, छाती धडधडते, घाम फुटतो, जुलाब होतात. कधी हा त्रास एक ते तीन तासांनी होतो. तेव्हा रक्तातली साखर खाली गेलेली असते, हातपाय थरथरतात, अंधारी येते. घरचे घाबरतात, रोग उलटला समजतात. बहुतेक वेळा तो रोग नसतो, जेवणाच्या रीतीचा परिणाम असतो. उपाय असा: उसाचा रस, सरबत, चहातली फार साखर टाळावी, जेवताना पाणी फार पिऊ नये, जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा नंतर घोट घोट प्यावे, प्रत्येक वेळी थोडे प्रथिनांचे अन्न असावे, घास चावून चावून खावा. उशिरा येणारी अंधारी वारंवार येत असेल तर डॉक्टरांना सांगावे.

वर ओढलेल्या जठरातले अन्न आडवे झाल्यावर घशाशी येते. म्हणून जेवल्यावर लगेच झोपू नये, मध्ये दोन-तीन तास जाऊ द्यावेत आणि झोपताना पाठीखाली उशांचा उतार करावा. पाणी पिताना दर वेळी ठसका लागत असेल तर ते फुप्फुसात जात असण्याची शक्यता असते. तीही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. बी-१२ नावाचे जीवनसत्त्व अंगी लागण्यासाठी जठरात तयार होणारा एक पदार्थ लागतो. सारे जठर काढले की तो पदार्थ मिळत नाही. यकृतात साठा असल्यामुळे दोन-चार वर्षे काही कळत नाही. मग रक्त कमी होते, पायांना मुंग्या येतात, तोल जातो. अशा रुग्णाला बी-१२ ची इंजेक्शने जन्मभर, डॉक्टर सांगतील त्या अंतराने, घ्यावी लागतात. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे टोचून घेता येतात, त्यासाठी दर खेपेला मुंबई गाठायला नको. "आता बरा झालो" म्हणून ही इंजेक्शने सोडू नयेत. लोहाची आणि ड जीवनसत्त्वाची तपासणीही वेळोवेळी करावी.

नळीची भीती

तोंडाने पुरेसे जात नसेल तर डॉक्टर नाकातून जठरात नळी घालतात, किंवा पोटाला लहानसे भोक पाडून आतड्यात नळी बसवतात. नळी म्हटली की घरात रडारड होते. आता सारे संपले असे लोक समजतात. खरे म्हणजे ती शेतातल्या पाटासारखी आहे. मुख्य वाट दुरुस्त होईपर्यंत पाणी दुसऱ्या वाटेने नेतात, पीक वाळू देत नाहीत. उपचार चालू असताना पुष्कळांना नळी लागते आणि गिळणे सुधारल्यावर ती निघतेही.

नळीतून द्यायचे अन्न ताजे, पातळ आणि स्वच्छ फडक्यातून गाळलेले असावे. हात साबणाने धुवावेत. रुग्णाला टेकून बसवावे आणि नंतरही अर्धा-पाऊण तास बसू द्यावे. अन्न देण्याआधी आणि नंतर उकळून गार केलेले पाणी नळीत सोडावे, म्हणजे ती तुंबत नाही. आतड्यातल्या नळीत अन्न जोराने ढकलू नये, थेंबाथेंबाने हळू जाऊ द्यावे. आपल्या दमट हवेत करून ठेवलेले अन्न लवकर आंबते, ते दुसऱ्या वेळेला वापरू नये. पोटाची नळी निसटली तर उद्यावर टाकू नये. भोक लवकर मिटते, म्हणून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

काही खोट्या समजुती

"गाठीला खायला मिळू नये म्हणून उपास करा" असे सांगणारे लोक भेटतात. उपासाने गाठ उपाशी राहत नाही. ती शरीराचे मांस वापरून वाढत राहते आणि माणूस मात्र खंगतो. कोणी दूध बंद करतो, कोणी अंडे उष्ण म्हणून, तर कोणी मासा वातूळ म्हणून तोडतो. असे एकेक पथ्य जोडत गेले की रुग्णाच्या वाटीत नुसते पाणी उरते. दुधाने जुलाब होत असतील तर दही-ताक द्यावे, पण ऐकीव गोष्टीवरून काही तोडू नये. नुसत्या रसांवर, काढ्यांवर माणूस ठेवू नये.

खरे पथ्य आहे ते स्वच्छतेचे. किमोने अंगातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, साधा जंतूही बाधतो. म्हणून पाणी उकळलेले, अंडे पूर्ण शिजलेले, मासळी ताजी आणि शिजलेली असावी. गाडीवरची कापलेली फळे नकोत, शिळे नको, ताडीही नको. ताप १००.४ अंशांवर गेला तर घरी गोळी देऊन थांबू नये, त्याच वेळी डॉक्टरांकडे न्यावे.

तपासणीचा दिवस

बोईसर चर्चगेटपासून सुमारे शंभर किलोमीटर. परळला सकाळी नंबर लावायचा म्हणजे पहाटेची गाडी आणि परत यायला रात्र. या एका दिवसात रुग्ण बहुधा चहा-बिस्किटावर राहतो आणि दोन दिवसांची कमाई घालवतो. कोणत्या तपासणीला उपाशी यायचे, हे आदल्या खेपेलाच विचारून घ्यावे. प्रत्येक तपासणी उपाशीपोटी नसते. पिशवीत थर्मासभर पेज, उकडलेले अंडे, शेंगदाण्याचा मऊ लाडू, चिकू ठेवावा. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कर्करुग्णालाही बसता येते, कागद जवळ ठेवावेत. चार दिवस राहायचे असेल तर दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा कर्करुग्णांना आसरा देते. आणि डॉक्टरांची भेट झाली की आहारतज्ज्ञाची भेटही मागून घ्यावी. खर्चाची विवंचना असेल तर रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटावे.

गुरुजी, हे आपण करू शकता

शिक्षक बंधूभगिनींनो, रुग्णालयाचा कागद बहुधा इंग्रजीत असतो. तो वाचून घरच्यांना मराठीत समजावून सांगणारे माणूस गावात अनेकदा तुम्हीच असता. एक शंभर पानी वही घ्या. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी, त्याच काट्यावर रुग्णाचे वजन करून तारखेसह लिहायला घरातल्या शाळकरी मुलाला शिकवा. काटा शाळेत, आरोग्य केंद्रात किंवा रेशन दुकानात सापडतो. सहा महिन्यांत मूळ वजनाच्या शंभरात पाच भागांहून अधिक वजन घटणे ही धोक्याची खूण आहे. साठ किलोच्या माणसाला ते तीन किलो. पण सहा महिने वाट पाहायची नाही. लागोपाठ दोन आठवडे आकडा उतरला की पुढच्या तारखेपर्यंत न थांबता रुग्णालयाला कळवावे. पाय किंवा पोट सुजले असेल तर काटा फसवतो, तेव्हा दंडाचा घेर आणि रोजचे खाणे लिहावे. ती वही डॉक्टरांपुढे ठेवली की "बरं आहे" या दोन शब्दांपेक्षा त्यांना पुष्कळ अधिक कळते.

शेवटी एक अवघड गोष्ट. काही रुग्णांचा रोग पुढे जातो आणि उपचारांचा उपयोग संपतो. त्या अखेरच्या दिवसांत भूक जवळजवळ नाहीशी होते. तेव्हा जबरदस्तीने भरवल्याने आयुष्य वाढत नाही, त्रास मात्र वाढतो. मग मापे, वेळापत्रके बाजूला ठेवावीत. तोंड ओले ठेवावे, मागेल तो घास मागेल तेवढाच द्यावा, वेदना कमी करण्याचे औषध डॉक्टरांकडून घ्यावे आणि जवळ बसावे. ही वेळ आली की नाही हे मात्र घरच्यांनी अंदाजाने ठरवू नये, डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. कारण वेळ आली नसताना हात टेकले, तर जगू शकणारा माणूस भुकेने जातो.

तेव्हा मंडळी, आपल्या घरात किंवा शेजारी असा कोणी असेल, तर येत्या रविवारी त्याचे वजन करा आणि तारीख घालून लिहून ठेवा. दिवसात सात वेळा लहान वाटी, प्रत्येक वाटीत काहीतरी कसदार, आणि आकडा उतरताच डॉक्टरांना निरोप. एवढे करायला फार पैसा लागत नाही, रोजचे लक्ष लागते.